काळा बोल्ट आणि त्याचे पूर्वज

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा "सोसायटीचा इतिहास लिहा" असंच सांगितलं होतं. पण प्लॉट कसा मिळाला, बिल्डरबरोबर किती बैठका झाल्या, पाण्याचं कनेक्शन कधी आलं, हा सगळा इतिहास आपले पहिले सेक्रेटरी याच अंकात लिहीत आहेत, आणि त्यांच्याइतकी कागदपत्रं माझ्याजवळ नाहीत. म्हणून मी सोसायटीतल्या सगळ्यात लहान सभासदाचा इतिहास लिहायचं ठरवलं. हा सभासद मेंटेनन्स भरत नाही, सभेला येत नाही, पण आपल्या सगळ्यांच्या बाल्कन्यांची रेलिंगं त्याच्या जिवावर उभी आहेत. मी बोल्टबद्दल बोलतो आहे.

कारणही तसंच आहे. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत बाल्कनीच्या रेलिंगचे बोल्ट बदलायचं ठरलं. २८ बाल्कन्या, प्रत्येकीला तीन खांब, प्रत्येक खांबाच्या पट्टीला चार बोल्ट, म्हणजे एकूण ३३६. रेलिंग काळं, तेव्हा बोल्टही काळेच हवेत यावर सगळ्यांचं एकमत झालं (आपल्याकडे एकमत होणं ही इतिहासात नोंदवायची गोष्ट आहे). मग चार कोटेशनं आली. चारही ठिकाणी "ब्लॅक फिनिश" लिहिलेलं, आणि सगळ्यात स्वस्त व सगळ्यात महाग यांच्यात जवळजवळ चौपट फरक. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "चारही काळे, मग भाव वेगळे कसे?" त्या दिवशी वेळ झाला होता, चहा आला, आणि प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर द्यायचं तर दीडएकशे वर्षं मागे जावं लागतं. खरं तर त्याहूनही मागे.

मी काही इंजिनिअर नव्हे, कॉमर्सचा पदवीधर. पण नोकरीतली काही वर्षं भोसरीला लघुउद्योगांची कर्जं बघण्यात गेली. कर्ज मंजूर करण्याआधी कारखाना डोळ्यांनी पाहून यायचा, असा नियम होता. त्या निमित्ताने नट-बोल्ट करणारे, प्लेटिंगवाले, ब्लॅकोडायझिंगवाले असे कितीतरी शेड मी आतून पाहिले. ताळेबंद वाचता वाचता धंद्याची भाषाही थोडीफार कळायला लागली. पुढचं वाचन निवृत्तीनंतरचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लोखंडावर येणारा काळेपणा आणि तांबूस गंज ही एकाच घरातली दोन मुलं आहेत. दोन्ही लोखंडाची ऑक्साइडंच. पाणी आणि हवा मिळाली की लोखंडावर तांबूस, भुसभुशीत गंज चढतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड परत उघडं पडतं. हवेत खार असेल तर हे काम फार लवकर होतं. गोराईची खाडी आपल्यापासून किती जवळ आहे ते वेगळं सांगायला नको. मात्र तेच लोखंड खूप तापवलं की त्यावर काळं ऑक्साइड तयार होतं. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. हे घट्ट असतं, पृष्ठभागाला चिकटून बसतं. माणसाने लोखंड काळं करण्याचा जो जो खटाटोप केला, त्यातला निम्मा भाग म्हणजे या दुसऱ्या मुलाला पुढे करून पहिल्याला दाराबाहेर ठेवण्याचा प्रयत्न.

याचा सगळ्यात जुना कारागीर लोहार. ऐरणीवरून उतरलेलं काम अजून गरम असतानाच तो त्यावर जवसाचं तेल किंवा मेण फिरवतो. तेल जळतं, आटतं आणि काळा, पातळ थर बसतो. आपल्या घरात याचा नमुना आहेच. बिडाचा तवा! नवा तवा तेल लावून, तापवून मुरवला की काळाकुळीत होतो आणि डोसा सुटायला लागतो. आता हाच तवा साबणाने खसखसून धुवा आणि पावसाळ्यात खिडकीत ठेवून द्या. दोन दिवसांत तांबडा होईल. म्हणजे तव्याला वाचवत होतं ते रोजचं तेल. काळेपणा ही नुसती त्या तेलाची खूण होती. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. इथून पुढे तेच वेगवेगळ्या कारखान्यांतून दाखवतो.

आता कोणी दिल्लीच्या लोहस्तंभाचं नाव काढेल. मेहरौलीचा तो स्तंभ सव्वासात मीटरच्या आसपास उंच, वजनाने सहा टनांहून जास्त, गुप्तकाळातला, म्हणजे सुमारे १६०० वर्षांचा. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा पुष्कळ अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर जमला आहे, असं त्यांनी दाखवलं. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहे. अभिमान जरूर बाळगावा, पण आपले बोल्ट त्या लोखंडाचे नाहीत आणि आपण दिल्लीत राहत नाही. फॉस्फरस मात्र लक्षात ठेवा, तो पुढे परत येतो.

कारखान्यात काळं लोखंड करायची पहिली मोठी युक्ती इंग्लंडमध्ये फ्रेडरिक बार्फ या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८७६ च्या सुमारास काढली. बंद भट्टीत लोखंड लालबुंद तापवायचं आणि त्यावर अतितप्त वाफ सोडायची. वाफेतला ऑक्सिजन लोखंड घेतं आणि अंगावर काळ्या मॅग्नेटाइटचा थर चढतो. म्हणजे पाण्यानेच गंज येतो आणि पाण्यानेच गंज अडवायचा! जॉर्ज बोवर नावाच्या इंजिनिअरने मुलाबरोबर त्यात सुधारणा केली आणि "बोवर-बार्फ" हे जोडनाव पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतींच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं यांवर या काळ्या फिनिशची फॅशन होती. आज इंटिरिअरवाले "मॅट ब्लॅक हार्डवेअर" म्हणून जे दाखवतात त्याचे हे पणजोबा. घराच्या आत ते छान टिकायचं. बाहेर मात्र एखादा ओरखडा पडला की तेवढ्या जागी गंज सुरू व्हायचा, कारण काळा थर नुसता झाकण होता. झाकण फुटलं की संपलं.

त्यानंतरचा टप्पा बर्मिंगहॅमचा. थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये पेटंट घेतलं. फॉस्फोरिक आम्लात लोखंडाचा कीस टाकायचा, उकळायचं आणि त्यात माल बुडवायचा. हा बघा, फॉस्फरस परत आला. लोखंडावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात, रंग करडा-काळा. पुढे हे हक्क अमेरिकेत गेले, १९१५ मध्ये डेट्रॉइटला पार्कर यांच्या नावाची कंपनी निघाली आणि प्रक्रियेचं नावच "पार्करायझिंग" झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या रायफली याच फिनिशच्या होत्या. तिची खुबी अशी की स्फटिकांचा थर स्पंजासारखा असतो, तेल पिऊन धरून ठेवतो. आणि सैनिकाला रोज रायफल पुसून तेल लावावंच लागतं, नाही लावलं तर शिक्षा. आपल्याकडे बाल्कनीच्या बोल्टला तेल न लावल्याबद्दल शिक्षा करायची तरतूद उपविधीत नाही.

आणि मग आपलं ब्लॅकोडायझिंग. भोसरीच्या शेडमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वासानेच परत फिरावंसं वाटलं होतं. लोखंडी टाक्यांची रांग. पहिल्या टाकीत तेलकटपणा धुवायचा, दुसरीत आम्लाने गंज काढायचा, मग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या दाट द्रावणात १४० अंश सेल्सिअसच्या आसपास माल उकळायचा. टोपलीतून पांढरे बोल्ट आत जातात आणि थोड्या वेळाने काळेशार होऊन बाहेर येतात. शेवटची टाकी तेलाची. मालक मला म्हणाला होता, "साहेब, खरं काम या शेवटच्या टाकीत होतं, आधीच्या सगळ्या दिखाव्याच्या." तो अर्धवट थट्टेने बोलला असेल, पण बरोबर बोलला. हा काळा थर एक-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून ब्लॅकोडायझिंग वाईट असं मात्र नाही. मशीनमधले एलन बोल्ट पाहा, बहुतेक काळे असतात. थर इतका पातळ की आट्यांचं माप बदलत नाही. शिवाय उच्च ताकदीच्या, म्हणजे १०.९ आणि १२.९ ग्रेडच्या बोल्टला विजेच्या प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून ठिसूळ होण्याची भीती असते. ती टाळण्यासाठी प्लेटिंगनंतर लगेच काही तास भट्टीत भाजून काढावे लागतात. काळं करताना ही भानगड फारशी येत नाही. मशीनच्या पोटात तेल असतंच, पाऊस नसतो. तिथे हा बोल्ट जन्मभर टिकतो. तो घराबाहेर लावायला केलेलाच नाही, एवढीच गोष्ट आहे.

इथे आपल्या गच्चीवरचा प्रसंग सांगायला हवा. सात-आठ वर्षांपूर्वीचा, नव्या बिऱ्हाडकरूंना माहीत नसेल. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला त्याआधीच्या दुरुस्तीत नवे बोल्ट बसवले होते, छान काळे, चकचकीत. टाकी साफ करायला आलेला मुलगा वरच्या पायरीवर असताना वरचा एक बोल्ट तुटला आणि शिडी भिंतीपासून सुटली. त्याने टाकीच्या पाइपला मिठी मारली म्हणून वाचला. विशीचासुद्धा नव्हता. मी खाली उभा होतो. नंतर तो तुटलेला बोल्ट मी उचलून पाहिला. डोकं अजून बऱ्यापैकी काळं होतं. भिंतीच्या आत, जिथे पाणी झिरपून साचायचं, तिथे दांडा खाऊन खाऊन पेन्सिलीएवढा उरला होता. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? बाल्कनीच्या रेलिंगला आपण टेकतो, आपली नातवंडं लोंबकळतात. म्हणून सभेत रंगावर चाळीस मिनिटं झालेली चर्चा मला थोडी अस्वस्थ करून गेली.

आता गोष्टीचं दुसरं घराणं. हे काळं नाही, राखाडी आहे, आणि त्याचं माहेर आपल्या देशात आहे. जस्त. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे शेकडो वर्षांपूर्वी जस्त गाळून काढायचे. हे सोपं काम नव्हे. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होतं आणि हवा लागली की ती वाफ पुन्हा जळून राख. झावरच्या लोकांनी मातीच्या मुशी उलट्या ठेवून वाफ खाली थंड भांड्यात उतरवली. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलमध्ये जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये.

लोखंडाला जस्ताचा काय उपयोग? १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे बसवले. खाऱ्या पाण्यात तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. (प्रयोग इतका यशस्वी झाला की फसला. तांबं झिजेना, म्हणून त्याचं विष पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या तळाला शिंपले नि शेवाळ माजलं.) १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं आणि त्याला गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाच्या नावावरून "गॅल्वनाइझिंग" म्हटलं. आपला जी. आय. पत्रा, जी. आय. बादली, ती हीच.

जस्त नुसतं झाकण नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बँकेच्या भाषेत, जस्त हा लोखंडाचा जामीनदार आहे. कर्जदाराकडे वसुली येण्याआधी हा भरतो, आणि संपेपर्यंत भरतो. तेव्हा प्रश्न उरतो एवढाच की जामीनदाराची पत किती, म्हणजे थर किती जाड. ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या, म्हणजे हॉट डिप बोल्टवर थर साधारण ४५-५० मायक्रॉनचा. विजेने केलेल्या प्लेटिंगवर पाच ते बारा.

कोटेशनमधला "ब्लॅक झिंक" म्हणजे हे दुसरं, विजेचं प्लेटिंग. जस्ताचा पातळ थर देऊन तो क्रोमेटच्या पाण्यात काळा करतात. जस्त काळं करायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. बिदरचं बिदरीकाम पाहिलंय ना? ते भांडं बहुतांश जस्ताचं, थोडं तांबं मिसळलेलं. त्यात चांदी ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती व नवसागर यांचं गरम पाणी फासतात. चांदी पांढरी राहते, जस्त काळं होतं. बहामनी काळापासूनचं काम, आजही चालू आहे. तिथे काळेपणा शोभेसाठी आहे आणि कारागीर तसंच सांगतो. बोल्टवाला मात्र ते सांगत नाही. काळ्या झिंकमधलं क्रोमेट पूर्वी षट्संयुजी क्रोमियमचं असायचं. ते कर्करोगकारक. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर बंधन आणलं, नंतर त्रिसंयुजी क्रोमियमचे पर्याय रूढ झाले. ब्लॅक झिंक हा साध्या काळ्या बोल्टपेक्षा नक्कीच बरा. पण जामीनदाराची पत बारा मायक्रॉन, आणि समोर खाडी.

राहता राहिला रंग. काळ्या रंगाचाही मोठा इतिहास आहे, पण तो मी आवरता घेतो. डांबर आणि जवसाच्या तेलाचा काळा लुकण, त्याला इंग्रजीत जपानवरून नाव पडलं. हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची, ती याच जातीच्या रंगात. पावडर कोटिंग १९५० च्या दशकात जर्मनीतून आलं. हे सगळे थर चांगले जाड आणि टिकाऊ. अडचण बोल्टपुरती एवढीच, की पाना लावून आवळलं की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. म्हणजे परत फुटलेलं झाकण.

मग करायचं काय? काळा हवा, आणि गंजही नको. जगभर याचं उत्तर एकच दिलं जातं. आतून जस्त, वरून रंग. दोन्ही एकत्र असले की जे आयुष्य मिळतं ते दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्याच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, कारण रंग जस्ताला झिजू देत नाही आणि रंग फुटला तरी खाली जस्त असल्यामुळे गंज रंगाखाली पसरत नाही. फक्त एक खबरदारी. जी. आय. वर साधा ऑइल पेंट थेट मारू नये. तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे चक्क साबण तयार होतो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. आपल्या मागच्या गेटचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आधी इपॉक्सी प्रायमर, मग काळा पीयू. आणि हे सगळं बोल्ट आवळून झाल्यावर ब्रशने. आधी नाही.

तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस स्टीलही चालेल, चौथं कोटेशन तेच आहे. रेलिंग साध्या लोखंडाचं आणि बोल्ट स्टेनलेसचा, ही जोडी निभते, मधे नायलॉनचं वायसर टाकलं की आणखी चांगली. उलटी जोडी, म्हणजे मोठं स्टेनलेसचं रेलिंग आणि छोटा साधा बोल्ट, कधीही करू नये. तो बोल्ट एकटाच सगळ्यांची भरपाई करत झिजतो. पण ३३६ नगांचा खर्च पाहता माझा कौल हॉट डिपला. सिंकिंग फंडाचा हिशेब मी तीन वर्षं पाहिला आहे. बोल्टच्या किमतीपेक्षा परांची आणि मजुरी यांचाच खर्च मोठा, आणि तो बोल्ट कुठलाही घेतला तरी तेवढाच. पाच वर्षांनी परत परांची बांधायची का, हा खरा प्रश्न.

सभेनंतर, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, मी गच्चीच्या कठड्याला तारेने पाच बोल्ट बांधून ठेवले होते. वॉचमनला वाटलं काकांनी दृष्ट काढली. १ जूनला बांधले, दसऱ्याला सोडले. साधा ब्लॅकोडाइज्ड, तेल पुसलेला, पहिल्या आठवड्यातच तांबडा. तेल लावलेला जूनअखेर. ब्लॅक झिंकवर आधी पांढरी भुकटी आली आणि गणपतीपर्यंत आट्यांच्या टोकांवर तपकिरी ठिपके. नुसता हॉट डिप मळकट राखाडी झाला, बाकी काही नाही. पाचवा हॉट डिप, वर प्रायमर आणि काळा पीयू. त्याच्या एका कोपऱ्यावर मी मुद्दाम पान्याने रंग उडवला होता. तिथे राखाडी दिसतं, तांबडं कुठेही नाही. हा काही प्रयोगशाळेतला निकाल नव्हे, पण आपल्या गच्चीवरचा आहे.

पाचही बोल्ट चिठ्ठ्या लावून सोसायटी ऑफिसात, कपाटाशेजारच्या डब्यात ठेवले आहेत. विशेष सभेच्या आधी येऊन हातात घेऊन बघावेत. आणि कमिटीला एक विनंती. हॉट डिपचं ठरलंच तर ऑर्डरमध्ये नटही त्याच्याच जोडीचा, मोठ्या आट्यांचा लिहून मागवा. जस्ताच्या जाडीमुळे साधा नट त्या बोल्टवर चढत नाही, मग मिस्त्री कानस घेऊन बसतो आणि आपण पैसे मोजलेलं जस्त घासून खाली पाडतो.